आईच्या पंचकर्मासाठी आयुष कव्हर की वेगळे पैसे?

वहिनी विचारत होत्या, त्यांच्या सासूबाई ६८ च्या, गुडघे दुखतात, वैद्यांकडे बस्ती (पंचकर्मातला एक उपचार) चालू आहे, तर आयुष कव्हर म्हणजे आयुर्वेदासारख्या उपचारांचा खर्च देणारी हेल्थ पॉलिसी घ्यावी की दरमहा पैसे बाजूला टाकावेत?

खर्चाचं बघा आधी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही, तरी या वयात हप्ता जडच जातो आणि बऱ्याच सीनियर पॉलिसींत को-पे असतो म्हणजे बिलाचा काही भाग आपल्याच खिशातून जातो. बाजूला टाकलेले पैसे मात्र तुमचेच राहतात.

मिळतं काय? आयुष कव्हर साधारण ॲडमिट झाल्यावरच चालतं, तेही मान्यताप्राप्त हॉस्पिटलात. रोज जाऊन घेतलेली बस्ती, तेलं, काढे, वैद्यांची फी हे ओपीडीत जातं, ते बहुतेक मिळत नाही. माझ्या आईचा क्लेम इथेच अडकला, फार वाईट वाटलं तेव्हा. शिवाय जुन्या दुखण्याचा क्लेम मिळायला वेटिंग ३ वर्षांपर्यंत असू शकतं, गुडघे आधीपासूनचे असतील तर फॉर्ममध्ये लपवू नका.

रोजच्या उपचारांसाठी पैसे बाजूला टाकणंच बरं. ॲडमिट व्हायची शक्यता असेल, हार्ट-शुगरची काळजी असेल तर पॉलिसी घ्याच, आयुष त्यात जोडीला. सत्तरी झाली की आयुष्मान वय वंदना कार्डही (सरकारच्या मोफत उपचार योजनेचं) काढा, उत्पन्नाची अट नाही.