लाइफटाइम वॉरंटीवाला इम्पॅक्ट गोटी सेट: पावसाळ्यापासून वापरतोय, आता जरा मोकळेपणाने लिहितो

इम्पॅक्ट गोटीला (गोटी म्हणजे नट-बोल्टावर बसणारा सॉकेट) इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देत नट फिरवणारं यंत्र, लावली की वॉरंटी संपते, हे मला कस्टमर केअरच्या बाईंनी फार गोड आवाजात समजावून सांगितलं. मी विचारलं, मॅडम, मग ही लावायची कशाला? म्हणाल्या, हॅन्ड टूलला लावा सर. म्हटलं, डब्यावर गनचं चित्र छापलंय की. तर म्हणे, चित्र फक्त माहितीसाठी असतं. मला जी माहिती मिळायची ती मिळाली, म्हणून हे लिहायला बसलोय. कंपनीचं नाव टाकत नाही. असे काळे सेट पाच-पन्नास नावांनी मिळतात, आणि फोटोत तरी सगळे एकाच साच्यातून निघालेले दिसतात.

सेट तोच, जो सगळे बघत असतात: अर्धा इंच ड्राइव्ह (गन जिथे बसते ते चौकोनी भोक), डीप म्हणजे लांब, सहा कोनी, १०, ११, १२, १३, १४, १७, १९, २१, २२ आणि २४ मिलिमीटर. सेलमध्ये दोन हजारांच्या आत पडला. घरी माझी जुनी वॅगन-आर आणि बायकोची आय-टेन. गॅरेजवाल्याची मजुरी ऐकली की माझं ब्लड प्रेशर वाढतं, त्यामुळे ब्रेक पॅड, चाकं अदलाबदल, लिंक रॉड (सस्पेन्शनचा जोडदांडा), सायलेन्सरचं गॅस्केट इतपत कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच करतो. पार्किंगला प्लग नाही म्हणून गन बॅटरीवरची. (सेक्रेटरी रविवारी खाली येऊन ‘गॅरेज टाकलंय का?’ असं विचारतात आणि जाता जाता माझ्याच पंपाने हवा भरून घेतात.)

चकचकीत गोट्या गनला का लावायच्या नाहीत, हे इथे बहुतेकांना माहीत असेल. त्या क्रोम व्हॅनेडियमच्या, कडक आणि पातळ. हाताच्या रॅचेटला उत्तम, पण गनचे ठोके बसले की तडकतात आणि वरच्या मुलाम्याचा टवका उडाला तर सरळ डोळ्याकडे येतो. इम्पॅक्टची गोटी क्रोम मॉलिब्डेनमची, जाड भिंतीची, जरा मऊ. ती ठोका सहन करते. घेताना एवढंच बघा की गोटीवर नेमकं काय लिहिलंय. नुसती काळी केलेली क्रोम व्हॅनेडियमची गोटीसुद्धा ‘इम्पॅक्ट’ म्हणून विकायला असते. माझ्या सेटवर क्रोम मॉलिब्डेनम असंच लिहिलंय.

लिहिलंय असं मी म्हणतोय खरा, पण ते वाचता आलं तर ना!

या सेटचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, आणि धातू, डबा, किंमत या सगळ्याच्या आधी मी त्यावर बोलणार आहे. आकडे लेझरने काढलेत. काळ्यावर करडे, तेही नखाएवढे. उन्हात नेऊन गोटी तिरकी धरली की १७ दिसतं. सावलीत काहीच दिसत नाही. गाडीखाली आडवं पडून, चष्मा कपाळावर, हाताला ग्रीस, तोंडात मोबाइलचा टॉर्च, अशा अवस्थेत १२ की १३ हे ओळखून दाखवणाऱ्याला मी स्वखर्चाने मिसळ खाऊ घालीन. २१ आणि २२ चा घोळ तर महागात पडणारा. आय-टेनचा चाकाचा नट २१ चा. त्यावर २२ ची गोटी बसते, अगदी शहाण्यासारखी बसते, आणि गन दाबली की नटाच्या कडा खाऊन टाकते.

उपाय सगळे करून झाले. पोराच्या दप्तरातलं व्हाइटनर लावलं, ते ब्रेक क्लीनरच्या पहिल्या फवाऱ्यात गेलं. बायकोची नेलपॉलिश जरा जास्त टिकली, पण गनच्या थरथरीने तिचेही पोपडे निघाले. ऑइलपेंट आकड्यात भरून वरचा पुसायचा, ही जुनी युक्ती पंच मारलेल्या हत्यारांना चालते. लेझरला खोलीच नसते, रंग धरणार कशात? रंगीत चिकटपट्टी गन फिरली की उडते. कानशीने खाचा पाडायचं मनात आलं होतं, पण खाच पाडली की तडा तिथूनच सुरू होणार. शेवटी सागवानी ठोकळ्यात भोकं पाडून प्रत्येकापुढे मार्करने मोठा आकडा लिहिला आणि गोटी जिथली तिथे ठेवायचा नियम केला. म्हणजे दोन हजारांच्या हत्याराला जे जमायला हवं ते एका टाकाऊ लाकडाने करून दाखवलं. कंपनीने आकडा खोल पंच केला असता तर नगामागे किती पैसे वाढले असते हो?

आता चांगलं. दिवाळीपर्यंत मला कुणी विचारलं असतं तर आकड्यांबद्दल शिव्या घालून मी वर ‘पण घ्या’ असं म्हटलं असतं. पंक्चरवाले चाकाचे नट हवेच्या गनने इतके आवळतात की ऐनवेळी गाडीतला एल पाना घेऊन त्यावर अक्षरशः उभं राहावं लागतं. जुन्या आय-टेनला मॅन्युअल ९ ते ११ किलोग्रॅम-मीटर एवढ्याच जोराने आवळायला सांगतं, हे त्यांच्या गावीही नसतं. हायवेवर आवळून घेतलेलं असंच एक चाक या २१ च्या गोटीने सोडवलं. गन थोडा वेळ जागच्या जागी ठोकत राहिली, मग आवाज पातळ झाला आणि नट फिरला. गोटीचं तोंड व्हर्नियरने मोजलं, जसंच्या तसं. ब्रेकच्या कॅलिपर ब्रॅकेटचे १७ चे बोल्ट, ज्यांच्यासाठी मी आधी पान्यात पाइप घालून लटकायचो, ते चहा निवायच्या आत निघाले. लिंक रॉडच्या नटाचीही गंमत झाली. एरवी नट फिरवला की आतला बॉलही सोबत फिरतो, मग आत एलन की धरून बाहेरून रिंग पाना चालवायचा, हात दोनच आणि कामं तीन. गनच्या ठोक्यांपुढे बॉलला सोबत फिरायला सवडच मिळाली नाही. (सगळ्याच गाड्यांवर असं होईल असं नाही. गंज फार असेल तर एलन की जवळ असू द्या.)

सोडवायला गन, आवळायला टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते सांगणारा पाना. आवळतानाही गन चालवायची असेल तर तुमच्यात आणि पंक्चरवाल्यात फरक काय राहिला?

मग १४ ची गोटी गेली. काम तसं फडतूस होतं, वॅगन-आरच्या सायलेन्सरच्या जोडावरचा गंजका नट. आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवला होता. गन लावली, दोन-चार ठोके बसले आणि आवाज एकदम भसाडा झाला. गोटी काढून बघितली तर तोंडाशी एका कोपऱ्यातून वर, जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत, केसाएवढी चीर. हाताने दाबली तर कळणारही नाही, पण नटावर बसवली की ती चीर उघडायची आणि गोटी निसटायची. तेवढ्यात नटाच्या दोन कडा मेल्या होत्या. पुढचं काम छन्नी-हातोड्याने झालं, त्याचं वर्णन करत नाही.

एखादा नग कच्चा निघतो, मान्य. त्यासाठीच तर ‘लाइफटाइम वॉरंटी’ असते. पण वॉरंटीच्या कार्डावर मुंगीएवढ्या अक्षरात ‘पॉवर टूलसोबत वापरल्यास लागू नाही’ असं छापलेलं. चित्र मोठं, अट बारीक. ईमेल झाले, फोटो झाले, बिल पाठवून झालं, ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ हेही ऐकून झालं. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्यांना कळवला. मग मात्र हालचाल झाली, पार्सल आलं. पाकिटावर चिकटवलेल्या कागदावर १४. आतली गोटी उन्हात नेऊन तिरकी धरली तर १३. त्यांच्या माणसालाही आकडा दिसला नसावा! मी हसलो, खरंच हसलो, आणि परत तक्रार करायचा कंटाळा केला.

शनिवारी बोहरी आळीतल्या हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, इम्पॅक्टची डीप गोटी, अर्धा इंच, चौदा. त्याने आत आवाज दिला, ‘चार सूत, लांब, चौदा काढ रे.’ जालंधरच्या एका कारखान्याची गोटी आली, दोनशेच्या आत. पाकिटावर इम्पॅक्ट गोट्यांचं जर्मन मानक, डीआयएन ३१२९, लिहिलेलं; माझ्या सेटच्या डब्यावर त्याचा उल्लेखही नाही. आणि अंगावर आकडा! पंच केलेला, जाडजूड, अंधारात बोट फिरवून वाचता येईल असा. मला तर तिथेच गहिवरून आलं. दुकानदार म्हणाला, ‘घरकामाला सेट कशाला घेता? लागतात तेवढ्या चार न्या.’ विकणारा माणूस कमी घ्या म्हणतोय, हे पुण्याच्या बाजारपेठेत घडलं, याची नोंद घ्यावी.

घरी येऊन हिशेब केला. इतक्या महिन्यांत मी खरोखर वापरल्या त्या १४, १७, १९ आणि २१. वॅगन-आरची चाकं १९, आय-टेनची २१, बाकी बहुतेक काम १७ आणि १४ वर. १० आणि १२ चे बोल्ट गाडीत खंडीभर असतात, पण तिथे अर्ध्या इंचाची गन लावणं म्हणजे बोल्ट तोडायची तयारी. त्याला छोटं रॅचेट बरं. ११, २२, २४ यांना मी अजून तेलाशिवाय काही दाखवलेलं नाही. ॲक्सलच्या मोठ्या नटासाठी लागते ती गोटी सेटमध्ये नाहीच, ती वेगळीच आणावी लागते. चार सुट्या गोट्या आठशेच्या आसपास. म्हणजे बाकीचे हजारभर रुपये मी ‘सेट’ या शब्दाला आणि फुगीर डब्याला दिले. डबा चांगला आहे, खटके अजून शाबूत आहेत, त्यात आता मुलाचे क्रिकेटचे बॉल आहेत.

तरी रागाच्या भरात एक तारा देणार होतो तो देत नाही. उरलेल्या गोट्यांनी दगा दिलेला नाही. २१ ची तर आजही बोहरी आळीतल्या कुठल्याही गोटीशेजारी ठेवा, तोंड तसूभर फाकलेलं नाही. पावसाळ्यात वरून तांबूस गंज धरतो, पण तो या काळ्या फिनिशच्या बहुतेक गोट्यांना धरतो. शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवला की निघतो. कोकणात असाल तर बोळा डब्यातच ठेवा. एकूण धातूला साडेतीन, वॉरंटीला शून्य, आकड्याला त्याहून कमी.

अलॉय व्हील असतील तर मात्र यातली १९ किंवा २१ घेऊच नका. भिंत जाड असल्याने नटाच्या खळग्यात घासते आणि अलॉयला ओरखडे पडतात. त्यासाठी प्लॅस्टिकची बाही असलेला पातळ भिंतीचा तीन गोट्यांचा सेट मिळतो. त्यात बहुतेक वेळा १७ निळी, १९ पिवळी, २१ लाल असते. रंग बघून हात जातो, चष्मा लागत नाही. मेव्हण्याच्या गाडीला अलॉय आहेत, त्याने तो घेतलाय आणि मी तो परत करायचं विसरतोय.