हॉस्पिटलमधली स्वयंसेवा, सीएनए, स्क्राइब की ईएमटी: अमेरिकेतल्या प्री-मेड विद्यार्थ्याने काय निवडावं?

अमेरिकेत मेडिकल स्कूलला अर्ज करणाऱ्याने, म्हणजेच प्री-मेड विद्यार्थ्याने, पेशंटच्या जवळ राहून काम केलेलं असावं, अशी जवळपास सगळीकडे अपेक्षा असते. ते काम कुठे करायचं हे तासांच्या बेरजेवरून ठरवू नका. त्या तासांत पेशंट किती वेळ तुमच्यासमोर असतो आणि त्याच्यासाठी तुम्ही काय करता, हे आधी बघा.

हॉस्पिटलमधली स्वयंसेवा

इथे प्रमाणपत्र लागत नाही. आठवड्याला 3-4 तासांची एक शिफ्ट असते, त्यामुळे अभ्यास सांभाळून जमते. बहुतेक ठिकाणी किमान काही महिन्यांची किंवा ठरावीक तासांची अट असते. खरा फरक पडतो तो कुठल्या विभागात नेमणूक होते त्याने. गिफ्ट शॉपमध्ये किंवा माहितीच्या काउंटरवर वर्ष काढलं, तर क्लिनिकल अनुभव म्हणून मांडण्यासारखं फारसं काही हाती लागत नाही. म्हणून हॉस्पिटलच्या नावापेक्षा वॉर्डची चौकशी करा. इमर्जन्सीत ब्लँकेट देणं, व्हीलचेअर नेणं, ताटकळणाऱ्या नातेवाइकांशी बोलणं ही कामं मिळतात. तिथे पेशंटने पाणी मागितलं, तर आधी नर्सला विचारायचं. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला चांगुलपणाने दिलेल्या पाण्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागू शकते.

‘हॉस्पिटल एल्डर लाइफ प्रोग्रॅम’ असलेलं हॉस्पिटल जवळ असेल, तर आमच्या मते पहिली पसंती त्यालाच द्यावी. डॉ. शॅरन इनोये यांनी 1993 मध्ये येल इथे तो सुरू केला. प्रशिक्षित स्वयंसेवक वृद्ध पेशंटना दिवस-तारीख सांगतात, चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ आहे ना ते पाहतात, जेवायला मदत करतात, चालवतात. हे सगळं डेलिरियम, म्हणजे अचानक होणारा मतिभ्रम, टाळण्यासाठी. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा उपक्रम मिळालेल्या गटात डेलिरियमचं प्रमाण 9.9 टक्के होतं, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात 15 टक्के. स्वयंसेवकाच्या कामाचा परिणाम इतका थेट दिसणाऱ्या जागा थोड्याच असतात.

उशीर होतो तो कागदपत्रांत. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या लसींचे पुरावे, पार्श्वभूमी तपासणी, हिपा (पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या) कायद्याचं प्रशिक्षण आणि टीबीची चाचणी. गोवर किंवा कांजिण्यांची लस आधी टोचून घेतली, तर टीबीच्या चाचणीसाठी साधारण 4 आठवडे थांबावं लागतं. त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी उरका किंवा चाचणी आधी करा. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यांनी थेट रक्तचाचणी मागावी, नाहीतर एक्स-रेच्या फेऱ्या मागे लागतात.

पगारी पर्याय

सीएनए म्हणजे नर्सच्या हाताखाली काम करणारा प्रमाणित सहाय्यक. त्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमानुसार किमान 75 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा असते. अनेक राज्यांत तास जास्त आहेत, कॅलिफोर्नियात 160. अंघोळ घालणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, रक्तदाब घेणं. काम अंग मोडणारं, पण पेशंटशी इतकी जवळीक प्री-मेडला दुसरीकडे क्वचितच मिळते. उन्हाळ्याची सुट्टी रिकामी असेल तर आम्ही हेच सुचवू.

स्क्राइब डॉक्टरांच्या शेजारी बसून नोंदी टिपतो. निदानापर्यंत डॉक्टर कसे पोचतात हे शिकायला ही उत्तम जागा, पण पेशंटला हात लावायचा नाही. अनेक कंपन्या वर्षभराची बांधिलकी मागतात. आता संभाषण ऐकून आपोआप नोंदी लिहिणारी सॉफ्टवेअर येत आहेत, तेव्हा जागा टिकेल का हे मुलाखतीतच विचारा.

ईएमटी म्हणजे रुग्णवाहिकेतला आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ. त्याचा कोर्स साधारण 120 ते 190 तासांचा, त्यानंतर परीक्षा. इथे निर्णय तुम्ही घेता. मात्र खासगी रुग्णवाहिकेत बराचसा वेळ डायलिसिस किंवा नर्सिंग होमच्या ने-आणीत जातो. 911 च्या, म्हणजे आणीबाणीच्या, कॉलवर पाठवतात का, हे नोकरी घेण्यापूर्वी स्पष्ट करून घ्या. गॅप इयर, म्हणजे मेडिकल स्कूलआधी मोकळं ठेवलेलं वर्ष, असेल तरच कोर्सवर घातलेला वेळ वसूल होतो.

हॉस्पिस

हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या पेशंटची शुश्रूषा करणारी सेवा. हा पर्याय फार जणांच्या लक्षात येत नाही. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमानुसार पगारी कर्मचारी पेशंटसेवेत जितके तास घालतात, त्याच्या किमान 5 टक्के तास स्वयंसेवकांचे असावे लागतात. त्यामुळे हॉस्पिसला माणसं कायम हवी असतात. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर मात्र थोडा काळ जाऊ द्या.

अर्जात मांडताना

ऍमकॅस या मेडिकल स्कूल प्रवेशाच्या सामाईक व्यवस्थेच्या अर्जात एकूण 15 उपक्रम नोंदवता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 700 अक्षरांची मर्यादा असते. शॅडोइंगचा वर्ग वेगळा आहे. डॉक्टरांमागे उभं राहून पाहिलेले तास स्वयंसेवेत मिसळू नका. प्रत्येक शिफ्टनंतर तारीख, तास, सुपरवायझरचं नाव आणि केलेलं काम लिहून ठेवा. पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही त्यात नको.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर कॅम्पसबाहेरची पगारी नोकरी परवानगीशिवाय चालत नाही. म्हणजे सीएनए, स्क्राइब, ईएमटी हे तिन्ही सहसा बाद. त्या नोकऱ्या बिनपगारी करणं हाही मार्ग नाही, कारण एरवी पगार मिळणारं काम फुकट करणं स्वयंसेवा धरली जात नाही. हॉस्पिटल आणि हॉस्पिसमधल्या खास स्वयंसेवकांसाठीच्या जागाच पाहा, आणि रुजू होण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या.