कमोडोर ६४ : काही महिने रोज वापरल्यानंतर

जुना कॉम्प्युटर मिळवायचा, पुसून चकाचक करायचा, एकदा चालू करून फोटो काढायचा आणि मग कपाटात ठेवून द्यायचा, हे मला कधी पटलंच नाही. मशीन चालवायसाठी असतं. म्हणून कमोडोर ६४ हाताशी आल्यावर मी ठरवलं की ह्याच्याबद्दल लगेच काही लिहायचं नाही, आधी रोज थोडा तरी वेळ वापरायचं, त्याच्यावर प्रोग्रॅम लिहायचे, गाणी वाजवायची, गेम खेळायचे, बिघडलं तर उघडायचं, आणि नवलाई ओसरली की मग बोलायचं. आता ती ओसरलीय आणि मी तरीही रोज चालू करते, तर लिहायला हरकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हे मशीन १९८२ साली आलं, १९९४ मध्ये कंपनी बुडेपर्यंत विकलं जात होतं, आणि जगात सगळ्यात जास्त खपलेल्या घरगुती कॉम्प्युटरांमध्ये ह्याचं नाव अजून सगळ्यात वर घेतलं जातं. आत ६५१० प्रोसेसर, वेग साधारण १ मेगाहर्ट्झ, मेमरी ६४ केबी. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात, मागे टीव्हीची वायर, बाजूला जॉयस्टिक, बस.

सगळ्यात आधी पॉवर सप्लायबद्दल, कारण बाकी कुठलीही गोष्ट ह्याच्याइतकी महत्त्वाची नाही. मूळ वीट (म्हणजे सप्लायचा जड डबा) असते ना, ती ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असं दोन्ही देते, आणि तिच्या आतलं सर्किट इपॉक्सीत बुडवून घट्ट केलेलं असतं त्यामुळे गरम झालेली हवा बाहेर पडायला जागाच नाही. वर्षानुवर्षं तापून तापून आतला व्होल्टेज कायम ठेवणारा रेग्युलेटर जातो, आणि तो जातो तेव्हा बंद पडत नाही तर ५ व्होल्टच्या लाइनवर सरळ जास्त व्होल्टेज सोडतो. मग मेमरीच्या चिप्स पहिल्यांदा मरतात. मल्टीमीटर लावून आज ५ आलं म्हणून उद्याही ५ येईल असं अजिबात नाही. त्यामुळे जुनी वीट एकदासुद्धा न लावता नवीन बनवलेला सप्लाय घ्यायचा, किंवा मध्ये व्होल्टेज वाढलं की तोडणारं संरक्षक सर्किट टाकायचं. मी नवीन सप्लाय वापरते. ज्यांना हा छंद सुरू करायचाय त्यांनी पहिला खर्च इथे करा, जॉयस्टिक आणि कार्ट्रिज (मागे खोचायचे प्रोग्रॅमचे डबे) नंतर.

आता दुरुस्ती. माझ्याकडे आलं तेव्हा स्क्रीन पूर्ण काळी होती. काळ्या स्क्रीनची कारणं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत आणि ह्याच गोष्टीमुळे मला हे मशीन आवडायला लागलं. पीएलए नावाची चिप, जी प्रोसेसरला कुठल्या वेळी रॅम दिसावी आणि कुठल्या वेळी रॉम हे ठरवते, ती खूप तापते आणि वयाने जाते. नाहीतर मेमरी. मेमरीसाठी डेड टेस्ट नावाचं कार्ट्रिज मिळतं, ते लावून चालू केलं की मशीनचं स्वतःचं रॉम आणि रॅम काहीच चाललं नाही तरी ते चालतं आणि स्क्रीन उघडझाप करून सांगतं की आठांपैकी कुठली चिप मेलीय, उघडझाप किती वेळा झाली त्यावरून कुठला बिट ते कळतं. आठ चिप्स, प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते, म्हणजे एक गेली की प्रत्येक बाइटमधला तोच एक बिट चुकतो. पुस्तकात वाचलेलं बाइट आणि बिट इथे बोटाने दाखवता येतं. मेलेली चिप बऱ्याचदा बाकीच्यांपेक्षा गरम लागते, आणि कार्ट्रिज नसेल तर चांगली चिप संशयित चिपच्या पाठीवर पायाला पाय जुळवून दाबून धरायची आणि चालू करून बघायचं, कधी कधी तेवढ्यानंच उत्तर मिळतं.

चिप काढताना मात्र घाई नको. ह्या बोर्डाचे तांब्याचे पट्टे जुने आहेत, सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं की उचलले जातात. चिप परत वापरायची नाहीच आहे तर सरळ तिचे पाय कापायचे, मग एकेक पाय वेगळा तापवून काढायचा, भोकं साफ करायची आणि तिथे सॉकेट बसवायचं. सॉकेट बसवलं की पुढच्या वेळी सोल्डरिंगच नको. चिप बदलल्यावर निळा स्क्रीन आला, त्यावर ३८९११ बेसिक बाइट्स फ्री आणि खाली रेडी. तो आकडा नुसता शोभेचा नाही बरं का, चालू होताना मशीन मेमरी तपासत जातं आणि जिथे गडबड सापडेल तिथे थांबतं, त्यामुळे आकडा ३८९११ पेक्षा कमी दिसला तर समजायचं की मेमरीत अजून काहीतरी आहे.

कीबोर्ड हा सगळ्यात वेळखाऊ भाग. मागच्या पाटीला बारीक बारीक स्क्रू भरपूर, शिवाय शिफ्ट लॉकच्या दोन वायरी डीसोल्डर केल्याशिवाय पाटी निघत नाही. पण आत काही अवघड नाही, प्रत्येक बटणाखाली कार्बनचं छोटं वर्तुळ आणि समोर बोर्डावर संपर्काच्या रेघा, दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळुवार पुसले की बटणं पहिल्यासारखी चालतात. आता हा कीबोर्ड मला मनापासून आवडतो. उंच आहे, मनगटाखाली काहीतरी घ्यावं लागतं, पण टायपिंग छान होतं. एक रिस्टोअरचं बटण तेवढं वेगळं, ते बाकीच्या बटणांच्या जाळ्यात नाही, सरळ प्रोसेसरला इंटरप्ट (हातातलं काम थांबवायचा इशारा) देतं आणि जरा जोरात टकदिशी मारल्याशिवाय घेत नाही. बिघडलेलं नसतं ते, तसंच असतं.

पिवळेपणाबद्दल बरेच लोक विचारतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवलं की प्लास्टिक परत उजळतं हे खरंय, पण क्रीम कमीजास्त लागली की पट्टे उठतात आणि काही वर्षांनी ते परत पिवळं पडू शकतं. मी साबणाच्या पाण्याने धुतलं आणि सोडून दिलं. चाळीस वर्षांचं मशीन आहे, चाळीस वर्षांचं दिसू दे.

आता रोजच्या वापराकडे येते. बटण दाबल्यापासून दोन-तीन सेकंदात तुमच्यासमोर कर्सर लुकलुकतो आणि तुम्ही प्रोग्रॅम लिहायला मोकळे. ह्याची सवय लागली ना की बाकी सगळं हळू वाटायला लागतं. लॉगिन नाही, अपडेट नाही. पोक ५३२८०,० (पोक म्हणजे मशीनच्या बेसिक भाषेतली, दिलेल्या पत्त्यावर आकडा टाकायची कमांड) लिहून रिटर्न मारलं की स्क्रीनची कडा काळी होते, त्याच क्षणी. कारण ५३२८० हा थेट व्हिडिओ चिपमधला पत्ता आहे, तुमच्या आणि चिपच्या मध्ये बेसिक सोडलं तर कोणीच नाही. ५४२७२ पासून साउंड चिप. हे पत्ते आता मला फोन नंबरांपेक्षा पक्के पाठ आहेत.

बेसिक स्वतः तसं गरीब आहे हे पण सांगितलं पाहिजे. ग्राफिक्सची एक कमांड नाही, आवाजाची नाही, सगळं पोक करून. डिस्कवर काय आहे ते बघायला डिरेक्टरी लोड करावी लागते आणि ती लोड केली की मेमरीतला तुमचा प्रोग्रॅम पुसला जातो! आधी सेव्ह, मग डिरेक्टरी, हा नियम हाताला बसवून घ्या. पण ह्याच गरिबीमुळे माणूस लवकर असेंब्लीकडे, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेकडे वळतो, आणि ६५०२ घराण्याची (आपला ६५१० त्यातलाच) असेंब्ली शिकायला सोपी आहे, ए, एक्स, वाय एवढी तीन रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या आकडे ठेवायच्या जागा) आणि थोड्याशा सूचना, त्यामुळे काही आठवड्यांत स्क्रीनवर स्वतःची हलती अक्षरं आणता येतात. मग कळतं की व्हिडिओ चिप दर आठव्या ओळीला प्रोसेसरला थांबवून चाळीसेक सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) स्वतः घेते, आणि तुमचं टायमिंग का हुकत होतं ते एकदम उमगतं. पाल मशीनवर (पाल म्हणजे भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) एका फ्रेममध्ये, म्हणजे एका पूर्ण चित्रात, १९,६५६ सायकल मिळतात. एवढ्यात काय बसवायचं ते बसवा. मला ह्या हिशोबात जे समाधान मिळतं ते दुसऱ्या कशात नाही मिळत, खरंच सांगते.

आवाज! सिड चिपबद्दल कितीही लिहिलं तरी कमीच. बॉब यानिस ह्यांनी डिझाइन केलेली, तीन आवाज, प्रत्येकाला वेगळी लहर आणि वेगळा चढउतार, वर एक खरा अ‍ॅनालॉग फिल्टर. यानिस पुढे एन्सोनिक ही सिंथेसायझरची कंपनी काढणाऱ्यांपैकी एक, त्यामुळे ही चिप वाद्य म्हणूनच विचार करून बनवलीय हे ऐकताना जाणवतं. जुनी ६५८१ आणि नंतरची ८५८० ह्यांच्यात फरक आहे, ६५८१ चा फिल्टर प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा वाजतो, म्हणजे तेच गाणं दोन मशीनवर दोन स्वभावाचं. व्हॉल्यूम रजिस्टर भराभर बदलून रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायची युक्ती ६५८१ वर मोठ्याने ऐकू येते, ८५८० वर अगदी दबते. आणि हे लक्षात ठेवा, ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९, एकाच्या जागी दुसरी अशीच बसवायची नाही. पीएलए गेली तर मी नवीन बनावटीची आनंदाने लावेन, पण सिड जोवर जिवंत आहे तोवर मूळचीच.

डिस्क ड्राइव्हवर मात्र मी नाराज आहे. १५४१ हे स्वतःच एक कॉम्प्युटर आहे, आत वेगळा ६५०२ आणि २ केबी रॅम, तरी फाइल येते सेकंदाला तीनचारशे बाइट्सच्या वेगाने. ४० केबीचा प्रोग्रॅम म्हणजे दोन मिनिटं. ह्यामागे आधीच्या व्हिक-२० मशीनची गोष्ट आहे, त्यात डेटा पाठवायचं काम ज्या चिपच्या शिफ्ट रजिस्टरने (आपोआप एकेक बिट पुढे सरकवणाऱ्या भागाने) करायचं होतं त्यात दोष निघाला, म्हणून ते काम सॉफ्टवेअरने एकेक बिट हलवून केलं, आणि जुन्या ड्राइव्हशी जुळावं म्हणून ६४ मध्ये तेच राहिलं, वर व्हिडिओ चिप मध्येच सायकल घेते म्हणून अजून हळू करावं लागलं. फास्ट लोडर कार्ट्रिज लावलं की कितीतरी पटीने वेग वाढतो, ते घ्याच. एका डिस्कच्या एका बाजूला १७० केबी, ६६४ ब्लॉक. जुन्या डिस्क मी आधी वाचून त्यांची इमेज करून ठेवते आणि रोजच्यासाठी एसडी कार्डवाला ड्राइव्ह वापरते. काही लोकांना हे आवडत नाही, पण त्यामुळे जुनी माध्यमं झिजत नाहीत आणि मशीन जास्त चालू राहतं, मला ते पुरेसं आहे. पीसीवर व्हाइस एम्युलेटरमध्ये (हेच मशीन पीसीवर चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर) प्रोग्रॅम लिहायचा, तपासायचा, कार्डवर टाकायचा आणि शेवटची परीक्षा खऱ्या मशीनवर, अशी माझी पद्धत बसलीय.

चित्रासाठी जुना ट्यूबवाला टीव्ही मिळाला तर उत्तम. नव्या एलसीडीवर अडचण अशी की हे मशीन फ्रेमला ३१२ ओळी सलग पाठवतं, एकाआड एक नाही, आणि वेग ५० हर्ट्झच्या किंचित वर, मग बरेच टीव्ही गोंधळतात, काही तर नो सिग्नल म्हणून मोकळे. अपस्केलर (जुना सिग्नल नव्या टीव्हीला समजेल असा करणारा डबा) लावा, आणि उजेड आणि रंग वेगळे नेणारी वायर वापरा, साध्या कंपोझिटपेक्षा अक्षरं कितीतरी स्वच्छ दिसतात.

छोट्या सवयी सांगते. जॉयस्टिक कधीही मशीन चालू असताना काढायची-घालायची नाही, अंगातल्या स्टॅटिकने पोर्टामागची, कीबोर्ड-जॉयस्टिक सांभाळणारी सीआयए चिप जाते. ह्या सीआयए दोन असतात आणि एकसारख्या, त्यामुळे कीबोर्ड बिघडला आणि चिप्स सॉकेटमध्ये असतील तर दोघींची अदलाबदल करून बघा, दोष दुसरीकडे सरकला की चोर सापडला. पोर्ट १ कीबोर्डच्याच लाइन वापरतो, तिथे जॉयस्टिक हलवली की स्क्रीनवर अक्षरं उमटतात, घाबरू नका. पीएलए, सिड आणि व्हिडिओ चिपवर छोटे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) चिकटवा. बटण बंद केल्यावर थोडं थांबून परत चालू करा.

घ्यायचं कुठलं, तर ज्यांना उघडून शिकायचंय त्यांनी पहिलं जाड, फुगीर पाठीचं मॉडेल घ्या, त्यात मेमरीच्या आठ चिप्स वेगळ्या आणि बऱ्याच बोर्डांवर मोठ्या चिप्स सॉकेटमध्ये असतात, दोष शोधायला सोपं. ज्यांना फक्त चालवायचंय, सोल्डरिंग नकोय, त्यांना १९८६ नंतरचं चपटं ६४सी, त्यातही शेवटच्या छोट्या बोर्डाचं, जास्त सोयीचं पडेल. कमी तापतं, चिप्स कमी. मात्र त्यात बरीच कामं एकाच मोठ्या चिपमध्ये कोंबलीत, ती गेली तर तशीच दुसरी शोधावी लागते. माझा कौल फुगीर मॉडेलला.