सबप्रोसेस: छोट्या विंडोमागून मोठे प्रोग्रॅम चालवताना आलेला अनुभव

माझं डेस्कटॉप अ‍ॅप अगदी साधं आहे. एक विंडो, फाइलींची यादी, तीन बटणं आणि खाली लॉगची पट्टी. व्हिडिओतून आवाज वेगळा काढणं, चित्रांचा आकार कमी करणं आणि दस्तऐवजांची पीडीएफ करणं ही तीन कामं त्यातून होतात. प्रत्यक्षात ती करतात एफएफएमपेग, इमेजमॅजिक आणि लिब्रेऑफिस. अ‍ॅप त्यांना हवी ती आर्ग्युमेंट (कमांडसोबतचे पर्याय आणि फाइलनावं) देऊन सुरू करतं आणि काम झालं की यादीत त्या फाइलीपुढे खूण करतं. विंडो टीकेइंटर या पायथनसोबत येणाऱ्या विंडो बनवण्याच्या लायब्ररीची आहे आणि बाहेरचे प्रोग्रॅम चालवायची जबाबदारी पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलकडे आहे. काही महिने विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर हे रोज वापरून झालं, म्हणून आता त्या मॉड्यूलबद्दल सविस्तर लिहिते आहे.

निकाल आधीच सांगते: मॉड्यूल उत्तम आहे, आणि छोट्या अ‍ॅपने जड कामं बाहेरच्या प्रोग्रॅमवर सोपवावीत हे माझं मत या वापरानंतर आणखी पक्कं झालं. पण प्रोग्रॅम सुरू करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. तो काय सांगतोय ते वाचत राहणं, तो संपला का ते कळणं, मधेच थांबवणं आणि त्याने खरंच काम केलं का हे तपासणं, खरी मेहनत इथे लागते. ज्यांना वाटतं की एका ओळीत भागेल, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

लायब्ररी न वापरता बाहेरचा प्रोग्रॅमच का, असं कुणी विचारेल. एखादी बिघडलेली व्हिडिओ फाइल आली आणि एफएफएमपेग कोसळलं, तर कोसळते ती त्याची प्रोसेस, म्हणजे चालू असलेला तो एक प्रोग्रॅम. माझी विंडो जागच्या जागी राहते आणि यादीतली पुढची फाइल सुरू होते. प्रत्येक कमांड आधी टर्मिनलमध्ये चालवून बघता येते. शिवाय एफएफएमपेगची नवी आवृत्ती आली की तेवढीच बदलायची, अ‍ॅपला हात लावावा लागत नाही. रोजच्या वापरात या तिन्ही गोष्टींचा मला फार उपयोग झाला.

सबप्रोसेस पायथनमध्ये २.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००४ पासून आहे. त्याआधी हेच काम करायला सिस्टिम, स्पॉन, पोपेन अशी वेगवेगळी फंक्शन्स विखुरलेली होती. ती सगळी एका जागी आणणं हाच या मॉड्यूलचा हेतू होता. ३.५ मध्ये रन हे सुटसुटीत फंक्शन आलं. साध्या स्क्रिप्टला ते पुरतं. विंडो असलेल्या अ‍ॅपला मात्र त्याच्याखालचा पोपेन क्लासच वापरावा लागतो. कारण रन काम संपेपर्यंत परत येत नाही, तोवर टीकेइंटरचा मेनलूप (विंडोतल्या घडामोडी सतत हाताळणारं चक्र) थांबलेला असतो, विंडो पुन्हा रंगवली जात नाही आणि ऑपरेटिंग सिस्टिम ‘प्रतिसाद देत नाही’ असं सांगू लागते. वापरणारा घाबरून विंडो बंद करतो, आणि मागे एफएफएमपेग एकटंच चालू राहतं.

यावर माझ्याकडे स्थिरावलेली मांडणी अशी: पोपेनने प्रोग्रॅम सुरू करायचा, त्याचं आउटपुट वाचायला एक वेगळा थ्रेड (अ‍ॅपमध्येच समांतर चालणारं काम) ठेवायचा, त्या थ्रेडने प्रत्येक ओळ क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकायची आणि मुख्य थ्रेडने टीकेइंटरचं आफ्टर हे फंक्शन वापरून थोड्या थोड्या वेळाने क्यू रिकामा करत लॉग भरायचा. टीकेइंटरच्या कुठल्याही विजेटला (बटण, यादी अशा घटकाला) दुसऱ्या थ्रेडमधून हात लावायचा नाही, हा नियम मी कडकपणे पाळते. क्यूटी ही विंडो बनवण्याची मोठी लायब्ररी वापरणाऱ्यांचं इथे सोपं आहे. तिच्यातला क्यूप्रोसेस हा क्लास स्वतःच इव्हेंट लूपशी जोडलेला असतो. आउटपुट आलं, काम संपलं, सुरूच होऊ शकलं नाही, या प्रत्येकाचा वेगळा सिग्नल मिळतो. फक्त हाच एक निकष असता तर मी क्यूप्रोसेसला जास्त गुण दिले असते. पण तीन बटणांसाठी अख्खं क्यूटी सोबत बाळगायचं का, हा प्रश्न उरतोच. माझं उत्तर नाही असं आहे.

आता कमांड कशी द्यायची ते. एक लांब स्ट्रिंग जोडून ती शेलकडे (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) द्यायची, की आर्ग्युमेंटची लिस्ट द्यायची? लिस्टच द्यावी, आणि याबाबत माझी कुठलीही तडजोड नाही. लोकांच्या फाइलींच्या नावांत मोकळी जागा असते, कंस असतात, अँपरसँड आणि अवतरणचिन्हं असतात. शेलला यातल्या बऱ्याच खुणांचा स्वतःचा अर्थ आहे; अँपरसँड दिसला की तिथे कमांड तुटते आणि पुढचं नाव नवी कमांड ठरतं. लिस्ट दिली की मधे शेल येतच नाही. हायफनने सुरू होणारं फाइलनाव मात्र लिस्टमध्येही पर्याय म्हणून वाचलं जाऊ शकतं, म्हणून मी नेहमी पूर्ण पाथ देते. पाथ ड्राइव्हच्या अक्षराने किंवा तिरप्या रेघेने सुरू होत असल्यामुळे ती शंकाच मिटते.

लिनक्सवर ही लिस्ट जशीच्या तशी नव्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचते. विंडोजवर तसं नाही. तिथलं प्रोग्रॅम सुरू करणारं क्रिएटप्रोसेस हे फंक्शन एकच स्ट्रिंग घेतं. पायथन अवतरणचिन्हं घालून लिस्टची स्ट्रिंग बनवतं आणि समोरचा प्रोग्रॅम ती आपल्या नियमांनी पुन्हा तोडतो. बहुतेक प्रोग्रॅम एकाच पद्धतीने तोडतात, म्हणून सगळं सुरळीत चालतं. बॅच फाइलचे (कमांडची यादी असलेल्या फाइलचे) नियम निराळे असतात, कारण तिथे गुपचूप सीएमडी हा विंडोजचा शेल मधे येतो. एप्रिल २०२४ मध्ये रस्ट भाषेच्या १.७७.२ या आवृत्तीत याच कारणाने सुरक्षेची दुरुस्ती करावी लागली होती. वापरणाऱ्याने दिलेलं फाइलनाव मी बॅच फाइलकडे कधीच पाठवत नाही. त्या एका स्ट्रिंगला लांबीची मर्यादाही आहे: क्रिएटप्रोसेससाठी ३२,७६७ अक्षरं आणि सीएमडीमधून गेलात तर ८,१९१. शेकडो चित्रांचे पूर्ण पाथ एकाच कमांडमध्ये कोंबले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. एका कमांडला एकच फाइल दिली तर हा प्रश्न येत नाही, आणि प्रगतीही फाइलगणिक दाखवता येते.

फक्त नावाने प्रोग्रॅम शोधू नये, हेही इथेच सांगते. इमेजमॅजिकची जुनी कमांड कन्व्हर्ट या नावाची. विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम फोल्डरमध्येही कन्व्हर्ट नावाचा प्रोग्रॅम आहे आणि त्याचं काम आहे डिस्कची फाइल सिस्टिम फॅटवरून एनटीएफएसवर नेणं! चित्र लहान करायला निघालेल्या अ‍ॅपने त्याला हाक मारावी, असं कुणालाच वाटणार नाही. इमेजमॅजिक ७ पासून मॅजिक ही कमांड आहे, तीच वापरावी. माझं अ‍ॅप सुरू होताना पायथनच्या शुटिल मॉड्यूलमधल्या विच या फंक्शनने तिन्ही प्रोग्रॅमचे पूर्ण पाथ शोधतं, सेटिंगमध्ये दाखवतं आणि सापडला नाही तर त्या कामाचं बटण फिकट करतं. बटण दाबल्यावर चूक दाखवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पाइपने. चाइल्ड प्रोसेसचं, म्हणजे आपण सुरू केलेल्या प्रोग्रॅमचं, आउटपुट पाइपमधून (दोन प्रोग्रॅममधल्या माहितीच्या नळीतून) येतं आणि पाइपची क्षमता ठरलेली असते. लिनक्सवर ती साधारणपणे ६४ किलोबाइट. आपण वाचलं नाही तर पाइप भरतो, मग समोरचा प्रोग्रॅम लिहिता लिहिता थांबतो. आपण तो संपण्याची वाट बघतोय, तो आपण वाचण्याची वाट बघतोय, आणि दोघंही कायमचे अडकतात. छोट्या फाइलींवर हे दिसतच नाही, कारण त्यांचं आउटपुट पाइपमध्ये मावतं. दस्तऐवजीकरणात याचा स्पष्ट इशारा आहे. आउटपुट नको असेल तर ते डेव्हनलकडे, म्हणजे टाकलेलं सगळं गिळणाऱ्या रिकाम्या जागेकडे, वळवावं. हवं असेल तर एरर आउटपुट आणि साधं आउटपुट एकाच पाइपमध्ये घेऊन सतत वाचत राहावं. लॉग आणि चुका एकाच क्रमाने दिसल्या की कारण शोधणंही सोपं जातं.

त्याच्याच पाठोपाठ इनपुट. एफएफएमपेगला त्याच नावाची फाइल आधीच दिसली तर ते विचारतं, वर लिहू का? टर्मिनलमध्ये आपण उत्तर देतो. विंडोच्या मागे तो प्रश्न कुणाला दिसत नाही आणि काम थांबून राहतं. इनपुटही डेव्हनलला जोडायचं, आणि फाइल पुसून लिहायची की नाही हे पर्याय देऊन आधीच ठरवायचं.

प्रगतीची पट्टी हलती ठेवणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. बरेच प्रोग्रॅम समोर टर्मिनल असेल तर ओळ झाली की लगेच पाठवतात, पण पाइप असेल तर मोठा गठ्ठा साठवून मग सोडतात. त्यामुळे लॉग बराच वेळ गप्प राहतो आणि एकदम भडाभडा ओळी येतात. एफएफएमपेग तर एकच ओळ पुन्हा पुन्हा वर लिहीत राहतं. त्यासाठी त्याच्याकडे प्रोग्रेस हा खास पर्याय आहे: तो किती वेळाचं काम झालं ते नाव-बरोबर-किंमत अशा सुटसुटीत ओळींत देतो आणि शेवटी ‘एंड’ असं सांगतो. व्हिडिओची एकूण लांबी एफएफएमपेगसोबतच्या एफएफप्रोबकडून आधी घेतली की टक्केवारी काढता येते.

रद्द करण्याच्या बटणाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. लिनक्सवर पोपेनचं टर्मिनेट म्हणजे सिगटर्म, ‘आता थांब’ अशी सूचना. एफएफएमपेग तो ऐकतं, फाइल नीट बंद करतं आणि थांबतं. विंडोजवर टर्मिनेट आणि किल एकच आहेत, प्रोग्रॅमला आवरायची संधीच मिळत नाही. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहिली जाते, त्यामुळे असा मधेच मारलेला व्हिडिओ उघडतच नाही. म्हणून अ‍ॅप नेहमी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि एक्झिट कोड (संपताना प्रोग्रॅम देतो तो आकडा, शून्य म्हणजे यश) शून्य आला तरच खरं नाव देतं. अर्धवट फाइल पूर्ण समजून कुणी पुढे पाठवण्याची शक्यता त्यामुळे राहत नाही. चाइल्ड प्रोसेसने स्वतः आणखी प्रोसेस सुरू केल्या असतील तर त्याही थांबवाव्या लागतात. लिनक्सवर नवं सेशन देऊन अख्खा प्रोसेस ग्रुप मारता येतो, विंडोजवर टास्ककिलला झाडासकट मारायला सांगायचं.

एक्झिट कोडवर मात्र आंधळा विश्वास नको. लिब्रेऑफिसचं हेडलेस, म्हणजे विंडो न उघडता केलेलं, रूपांतर याचं उदाहरण: अपेक्षित पीडीएफ जागेवर आहे का आणि ती रिकामी नाही ना, हे बघितल्याशिवाय अ‍ॅप खूण करत नाही. वापरणाऱ्याने लिब्रेऑफिस आधीच उघडून ठेवलं असेल तर दोघांचं प्रोफाइल एकच असल्यामुळे गोंधळ होतो; अ‍ॅपसाठी वेगळा प्रोफाइल फोल्डर दिला की तो मिटतो.

मराठी फाइलनावं वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. विंडोजवर देवनागरी नाव प्रोग्रॅमकडे पाठवताना अडचण येत नाही, ते युनिकोडमध्येच जातं. अडचण परत येणाऱ्या लॉगची असते. एन्कोडिंग (बाइट्सची अक्षरं करण्याची पद्धत) सांगितलं नाही तर पायथन सिस्टिमचं जुनं कोडपेज (अक्षरांचा जुना तक्ता) गृहीत धरतं, आणि अक्षरांचा काला तरी होतो किंवा वाचणारा थ्रेडच एररने बंद पडतो. थ्रेड बंद म्हणजे पाइप भरणार आणि पुन्हा तेच अडकणं. एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि चुकीच्या बाइट्ससाठी ‘रिप्लेस’ हे दोन्ही मी प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिते.

बारीकसारीक बाबी: विंडोजवर प्रत्येक फाइलीला काळी कन्सोल विंडो लुकलुकते, ती क्रिएट-नो-विंडो या फ्लॅगने जाते, पायथन ३.७ पासून तो मॉड्यूलमध्येच आहे. तयार फाइल उघडून दाखवायला विंडोजवर स्टार्टफाइल, लिनक्सवर एक्सडीजी-ओपन.

पायइन्स्टॉलर या पायथन प्रोग्रॅमचं पॅकेज बनवणाऱ्या साधनाने बांधलेल्या अ‍ॅपमध्ये लिनक्सवर एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. बांधलेलं अ‍ॅप लायब्ररी शोधण्याचा पाथ स्वतःकडे वळवतं आणि तो चाइल्ड प्रोसेसलाही वारसाने मिळतो. मग टर्मिनलमध्ये नीट चालणारा प्रोग्रॅम अ‍ॅपमधून चुकीच्या लायब्ररी उचलतो. मूळ किंमत ‘ओरिग’ शेवट असलेल्या व्हेरिएबलमध्ये जपलेली असते. ती परत घालून एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणारे असे सगळे व्हेरिएबल) द्यायचं.

आता प्रत्येक कामाच्या लॉगची पहिली ओळ म्हणजे पूर्ण कमांड आणि दुसरी म्हणजे कुठल्या फोल्डरमधून ती चालली. कुणी ‘होत नाहीये’ म्हणून लॉग पाठवला की त्या दोन ओळी टर्मिनलमध्ये चिकटवते. तिथेही तोच एरर आला तर फाइल किंवा बाहेरचा प्रोग्रॅम तपासायचा, नाही आला तर एन्व्हायर्नमेंट आणि पाथ.