म्हापशातला लिसनिंगचा क्लास : पैसे वसूल, पण हेडफोन आपले न्या

मी नर्स. राहते डिचोलीला, नोकरी म्हापशाच्या एका खासगी इस्पितळात. इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, बोलणं या तिन्हींत 7 आणि लिहिण्यात 6.5 लागतात. पहिल्या खेपेला घरीच तयारी करून बसले आणि लिसनिंगने घात केला. बोलण्यात 7, ऐकण्यात 6. आई म्हणाली, "तू लहानपणापासून कुणाचं ऐकलंस कधी?"

मग म्हापशाच्या बसस्थानकापासून पाच मिनिटांवर असलेल्या एका क्लासात फक्त लिसनिंगसाठी नाव घातलं. सहा आठवडे, आठवड्याला तीन संध्याकाळी, फी 5,500 रुपये. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि सर माणूस भला आहे.

परीक्षेचा साचा बहुतेकांना ठाऊक असतो. चार भाग, 40 प्रश्न, साधारण अर्धा तास, रेकॉर्डिंग एकदाच. 23 बरोबर आली की 6 च्या आसपास, 30 आली की 7. सरांनी पहिल्याच दिवशी हे दोन आकडे फळ्यावर लिहिले आणि मला म्हणाले, "सिस्टर, तुमची सात उत्तरं कुठे सांडतात तेवढं शोधूया. इंग्रजी सुधारायला आपल्याकडे वेळ नाही." हे मला पटलं. आधीच्या तयारीत मी नुसती पेपरांमागून पेपर सोडवत होते, गुण मोजत होते आणि वही मिटत होते.

या क्लासात पेपर संपल्यावर खरा तास सुरू होतो. प्रत्येकाने लाल वही आणायची. चुकलेलं प्रत्येक उत्तर तिच्यात लिहायचं आणि पुढे का चुकलं ते. कारणं पाचच : स्पेलिंग, शेवटचा एस, आकडा, फसले, हरवले. मग संहिता हातात घेऊन तेवढाच तुकडा पुन्हा ऐकायचा. माझ्या पहिल्या पेपरात 16 चुका होत्या. चार स्पेलिंगच्या, तीन एसच्या, पाच ठिकाणी फसले, चार ठिकाणी हरवले. म्हणजे सात गुण नुसते लिहिण्यात गेले होते, कानाचा त्यात दोषच नव्हता! 'टिकेट्स' ऐकून 'टिकेट' लिहिलं की शून्य. दोनच शब्द लिहा म्हटलेलं असताना तीन लिहिले, तरी शून्य. स्पेलिंग ब्रिटिश चालतं, अमेरिकनही चालतं, आपल्या मनाचं चालत नाही.

'फसले' या रकान्याला सरांनी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. फोनवर एक बाई भेटीची वेळ ठरवत असते. गुरुवारी येते म्हणते. मी 'गुरुवार' लिहून मोकळी, नजर पुढच्या प्रश्नावर. तेवढ्यात बाईला आठवतं की गुरुवारी मुलाला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, तेव्हा मंगळवारच बरा. मंगळवार माझ्या कानावरून गेला, पण मी ऐकत कुठे होते? सरांनी तो तुकडा तीनदा लावला. तिसऱ्यांदा मला त्या बाईचा श्वास ऐकू आला. बेत बदलण्याआधी ती क्षणभर थांबते. तो थांबा ऐकू यायला लागला तेव्हापासून या जातीच्या चुका पाचावरून एकावर आल्या.

आकड्यांचं तर मला हसूच आलं. वॉर्डमध्ये डॉक्टर फोनवर डोस सांगतात तेव्हा आम्ही तो उलट म्हणून दाखवतो, आणि पंधरा असेल तर 'वन फाइव्ह' असं सुटं विचारून घेतो. फिफ्टीन आणि फिफ्टीमधल्या गफलतीने काय होऊ शकतं ते आम्हांला कुणी शिकवायला नको. परीक्षेत मात्र उलट विचारायची सोय नाही. सरांनी जोर कुठे पडतो ते टेबलावर बोटाने ठोकून दाखवलं : पंधरात शेपटीवर, पन्नासात डोक्यावर. इतकी साधी गोष्ट नर्सिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

नकाशाचा प्रश्न ही माझी वेगळी रड. दुसऱ्या भागात कुणीतरी उद्यानाची किंवा वस्तुसंग्रहालयाची माहिती सांगत असतो आणि आपण नकाशावर अक्षरं लावायची. आम्ही गोंयकार पत्ता सांगतो तो असा : खुरसाकडून, म्हणजे क्रुसाकडून, वर या, पिंपळ लागला की पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, घरामागे. पूर्व-पश्चिम आमच्या तोंडी येतच नाही. सरांनी आम्हांला आठवडाभर म्हापशाच्या बाजारातले रस्ते इंग्रजीत सांगायला लावले, केळ्यांच्या बाजूकडून मासळीकडे कसं जायचं ते. एकाने सगळ्यांना नेऊन बरोबर दारूच्या दुकानात पोचवलं.

आता तक्रारी. पहिली, स्पीकर. तीस जणांच्या खोलीत एकच, तोही खोकणारा. वर पत्रे. जूनमध्ये पाऊस लागला की चौथ्या भागातले प्राध्यापक काय सांगतात ते त्यांनाच ठाऊक. संगणकावरच्या परीक्षेत हेडफोन मिळतात, आवाज हवा तसा कमीजास्त करता येतो. इथे वर्ग नुसता ओरडतो, "सर, आवाज!"

दुसरी तक्रार मोठी आहे. क्लास अजून कागदावरच्या परीक्षेची सवय लावतो. कागदावर शेवटी उत्तरं उतरवायला दहा मिनिटं मिळायची. संगणकावर उत्तरं तिथल्या तिथे टाइप करायची आणि शेवटी तपासायला फक्त दोन मिनिटं. मी संगणकावर देणार होते, हे पहिल्या दिवशी फॉर्मवर लिहून दिलं होतं. तरी पाच आठवडे त्या दहा मिनिटांच्या भरवशावर खरडत राहिले. शेवटच्या आठवड्यात मीच विषय काढला, तेव्हा सरांनी लॅपटॉप दिला. मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा आधीच मागा.

चौथा भाग घाईत उरकला, हेही खरं. पहिल्या तीन भागांत मधे थांबून पुढचे प्रश्न वाचायला वेळ मिळतो, चौथ्यात एकदा सुरू झालं की शेवटापर्यंत दम नाही. नेमक्या त्याला दोनच तास दिले. ती कसर मी घरी भरून काढली, सकाळी साडेसहाला, कानांत स्वस्तातले हेडफोन घालून. तेव्हा पोदेर येतो. त्याचा भोंगा पों-पों करत नेमका एकतिसाव्या प्रश्नावर वाजायचा. पहिले काही दिवस चिडले, मग ठरवलं की भोंगा वाजला तरी हात थांबवायचा नाही. गेलेलं उत्तर गेलं, चुकीला गुण कापत नाहीत, अंदाजाने काहीतरी लिहायचं आणि पुढचं धरायचं. याचा उपयोग क्लासातल्या कुठल्याही युक्तीपेक्षा कमी झाला नाही. आणि बसमध्ये बघा, कंडक्टर "अस्नोडें!" एकदाच ओरडतो, तरी झोपलेला माणूसही बरोबर उठून उतरतो. त्याला काय ऐकायचंय ते आधीपासून माहीत असतं. प्रश्न आधी वाचून ठेवायचे म्हणजे हेच, पण सरांनी हा दाखला दिला नाही, तो माझा आहे.

ऑगस्टमध्ये पुन्हा बसले. लिसनिंग 7.5.

जाणार असाल तर शुक्रवार असलेली बॅच घेऊ नका, बाजाराच्या दिवशी म्हापशात स्कूटर लावायला जागा मिळत नाही. सोमवार-बुधवार-शनिवारवाली घ्या. हेडफोन आणि ते दोघांत वाटून घ्यायची दोन तोंडांची पिन बरोबर ठेवा, सर लॅपटॉपला लावू देतात. आणि खिडकीकडच्या रांगेत बसू नका, तिथे पंखा कुरकुरतो.