लेहला पोचल्यावर कळलं, गाडीचे पैसे भरलेलेच नाहीत

लडाखच्या सहलीसाठी ठाण्यातल्या एका आयोजकाने आमच्या पाच जणांकडून सत्त्याण्णव हजार पाचशे रुपये घेतले. त्यातले पंचवीस हजार आणि हॉटेलच्या पहिल्या दोन रात्रींचं भाडं एवढंच लेहपर्यंत पोचलं. बाकीचे पैसे अजून त्याच्याकडेच आहेत. जून ते सप्टेंबरच्या मोसमाचं बुकिंग लोक फेब्रुवारी-मार्चपासून सुरू करतात आणि या धंद्यातली माणसंही त्याच वेळी जागी होतात, म्हणून हे आत्ताच सविस्तर लिहिते आहे. थोडं लांबेल, पण जाणार असाल तर पूर्ण वाचा.

त्याची पद्धत आधी सांगते. गडकरी रंगायतनच्या परिसरातल्या एका छोट्या हॉलमध्ये त्याने लडाखचा स्लाइड शो ठेवला होता. प्रवेश मोफत, वर चिवडा आणि कॉफी. पन्नासेक माणसं होती, बहुतेक नौपाडा, चरई, पाचपाखाडीतली कुटुंबं. माणूस बोलायला गोड. ‘ताई, तुम्ही घरच्याच’ हे प्रत्येकीला म्हणत होता. पँगाँग तळ्याचा निळा रंग, नुब्रा खोऱ्यातले दोन वशिंडांचे उंट, हानले गावावरचं रात्रीचं आकाश, सगळं पडद्यावर. शेवटी आकडा आला : लेह ते लेह, सहा रात्री, माणशी साडेएकोणीस हजार, ‘सगळं धरून’. आमच्याकडे आणखी दोन ठिकाणची कोटेशनं होती, एक साडेअठ्ठावीस हजारांचं आणि एक साडेतीस हजारांचं. ती माणसं दलाली खातात, माझी थेट लेहला ओळख आहे, असं त्याचं म्हणणं. विमानाची तिकिटं आम्ही स्वतःच काढली होती, तेवढे पैसे तरी वाचले.

पहिला हप्ता त्याने कंपनीच्या खात्यात घेतला, पावतीही दिली. उरलेली रक्कम मात्र ‘जीएसटी वाचेल’ म्हणत भाचीच्या यूपीआयवर मागितली, तीही निघण्याच्या महिनाभर आधी पूर्ण, कारण ‘मोसमात गाड्या मिळत नाहीत’. हे कारण खरंच आहे, म्हणून ते पटतं. मोसमात गाड्या मिळत नाहीत. पण म्हणूनच गाडीवाल्याला पैसे मिळाले की नाहीत हे गिऱ्हाइकाला कळायला हवं, आणि नेमकं तेच त्याने कळू दिलं नाही.

लडाखला जाताना खर्चाचा विचार का वेगळा करावा लागतो, ते समजलं की ही फसवणूक तिथेच इतकी का चालते तेही समजतं. लडाखचं क्षेत्रफळ सुमारे ५९ हजार चौरस किलोमीटर आहे. २०११च्या जनगणनेत आपल्या ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती, आणि सबंध लडाखची पावणेतीन लाखांच्या आत. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पेट्रोल पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी प्रसिद्ध पाटी होती. ठाण्याहून कोल्हापूर जवळपास तेवढंच. अशा मुलखात सहलीचा सर्वांत मोठा खर्च गाडीचा असतो. लेहच्या टॅक्सी युनियनचे दर ठरलेले आणि छापलेले असतात, प्रत्येक मार्गाचे वेगळे, गाडीच्या प्रकारानुसार वेगळे. बाहेरून आलेल्या टॅक्सीला तिथे स्थलदर्शन करू देत नाहीत. म्हणजे घासाघीस करून गाडीचा खर्च निम्म्यावर आणणं कोणालाच शक्य नाही, मग ठाण्यातल्या माणसाची कितीही ओळख असो. ज्याचा आकडा इतरांपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी आहे, त्याने गाडी तरी हिशेबात धरलेली नाही किंवा गाडीवाल्याला पैसे द्यायचा त्याचा विचार तरी नाही.

पहिले दोन दिवस सगळं ठीक होतं. विमानतळावर गाडी आली, हॉटेल चांगलं होतं, शांती स्तूप आणि ठिकसे गोंपा, म्हणजे तिथला बौद्ध मठ, पाहून झाला. हे मुद्दाम केलेलं असतं असं आता माझं ठाम मत आहे. पहिल्या दोन दिवसांचे पैसे भरले की गिऱ्हाईक खूश राहतं, घरी फोटो पाठवतं, आणि तिथपर्यंत आलेलं माणूस परत फिरत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नुब्राला निघायचं होतं. बॅगा खाली आणून बसलो, गाडी आली नाही. तासाभराने लेहचे एक गृहस्थ आले, ज्यांच्याकडे आमची व्यवस्था सोपवली होती ते. ‘जुले’ म्हणून नमस्कार केला, चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं की पंचवीस हजार आले आहेत, बाकी रक्कम आलेली नाही, आणि त्या माणसाची मागच्या गटाचीही उधारी आहे. गाडी सोडता येणार नाही. माझे यजमान आवाज चढवायला लागले, तेव्हा त्या गृहस्थांनी स्वतःचं बँकेचं खातं मोबाइलवर उघडून समोर ठेवलं. मग एका कागदाच्या मागे हिशेब लिहिला. गाडीचे सगळे दिवस मिळून ४५ हजार. लेहमधल्या चार रात्री, दोन खोल्या, ३६ हजार. नुब्रातले दोन तंबू १० हजार, पँगाँगचे दोन तंबू १२ हजार. पाचव्या माणसाचे जादा पलंग ९ हजार. बेरीज एक लाख बारा हजार, यात कोणाचाच नफा नाही. ठाण्यात आमच्याकडून घेतले होते साडेसत्त्याण्णव. म्हणजे हा सौदा पहिल्या दिवसापासून पूर्ण होणारच नव्हता.

ठाण्याला फोन लावायचा, तर आमचे चारही मोबाइल मुके. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच चालतात. फक्त आमच्या भावजींचं, म्हणजे धाकट्या दिरांचं, कंपनीचं पोस्टपेड कार्ड होतं. त्यांच्या फोनवरून लावला तर उचलला नाही. संध्याकाळी संदेश आला : ‘वहिनी, बँकेचा प्रॉब्लेम आहे, तिथे देऊन टाका, ठाण्याला आल्यावर लगेच परत करतो.’ हा संदेश आम्ही जपून ठेवला आहे. तक्रारीत तोच सर्वांत उपयोगी ठरला, कारण पैसे पोचले नाहीत याची कबुली त्याच्याच शब्दांत आली.

आम्ही पैसे दिले. दुसरं काय करणार? परतीची तिकिटं चार दिवसांनंतरची, मुलीची सुट्टी काढलेली, जाऊबाईंनी वर्षभर या सहलीसाठी भिशी भरलेली. दूरच्या मुलखात फसवणाऱ्याला हीच सोय असते. इथे रिक्षावाल्याशी पटलं नाही तर आपण उतरून दुसरी पकडतो. तिथे उतरून जायचं कुठे?

पँगाँगच्या तंबूंचं व्हाउचर त्याने वेगळं दिलं होतं, ‘कॅम्पवाल्याला थेट भरलंय’ म्हणून. लेहच्या गृहस्थांनी तिथे फोन लावायचा प्रयत्न केला, लागला नाही. लेह ते पँगाँग सरळ रस्त्याने साधारण दीडशे-एकशे साठ किलोमीटर, पण आम्ही नुब्रावरून श्योक नदीच्या काठाने गेलो आणि पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. तळं सव्वाचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. सूर्य गेला की थंडी हाडांत शिरते. कॅम्पच्या वहीत आमचं नाव नव्हतं. व्यवस्थापकाने व्हाउचर पाहिलं आणि म्हणाला, हा नंबर आमचा नाहीच. शेवटी तळ्याकाठच्या स्पांगमिक गावातल्या एका घरात जागा मिळाली. घरातल्या बाईंनी थुक्पा करून दिला, जादा रजया काढल्या, आणि दरही रास्त घेतला. नेटवर्क नव्हतं, यूपीआय चालत नव्हतं. माझ्या यजमानांनी लेहच्या एटीएममधून रोख काढून ठेवली होती म्हणून ती रात्र निभावली. जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगेन, लेह सोडण्याआधी चार-पाच हजार माणशी रोख जवळ ठेवा. पुढे तुमचा मोबाइल पैसे देऊ शकेल याचा भरवसा नाही.

लेहच्या गृहस्थांनी आमच्यासाठी हॉटेल बदलून साधं गेस्ट हाऊस पाहिलं, नुब्रापलीकडचं तुरतुक गाव वगळलं, स्वतःचा नफाही घेतला नसावा. तरी वर अठ्ठावन्न हजार गेले. माणशी एकतीस हजारांच्या वर पडलं, म्हणजे आमच्याकडच्या महागड्या कोटेशनपेक्षाही जास्त, आणि त्यातही हानले नाही, तुरतुक नाही.

पैशापेक्षा मला जास्त संताप आणणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या छापील कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला हा उंच घाट होता. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांश. विमानाने थेट उतरलेल्या माणसाने पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी असं तिथे सगळेच सांगतात. खारदुंग ला ५,३५९ मीटर. विश्रांतीचा दिवस म्हणजे हॉटेलची एक जादा रात्र, आणि स्वस्त पॅकेजवाला सर्वांत आधी तीच छाटतो. पहिल्या संध्याकाळी जाऊबाईंचं डोकं इतकं दुखायला लागलं की त्या उठून बसू शकत नव्हत्या. ड्रायव्हर भला माणूस होता, त्यानेच ‘उद्या वर नेणार नाही’ म्हणून सांगितलं आणि स्तूप-गोंपावर दिवस काढला. ‘प्रत्येक गाडीत ऑक्सिजन सिलिंडर’ असं कागदावर होतं, गाडीत नव्हता. कुणाचं पैशाचं नुकसान भरून येईल. डोंगरावर श्वास कोंडलेल्या माणसाचं काय?

तेव्हा कोणाचाही कार्यक्रम हातात आला की आधी तारखा बघा. पहिल्या दोन रात्री लेहमध्ये, काहीही न करता, धरल्या आहेत का? नसतील तर तो कागद बाजूला ठेवा. मग अंतरं बघा. घाटातल्या रस्त्यांवर ताशी तीस किलोमीटर धरून तास काढा. आमच्या कार्यक्रमात पँगाँगहून हानले आणि हानलेहून लेह एकाच दिवशी होतं. लेह ते हानले एकेरी अंतरच अडीचशे किलोमीटरच्या घरात आहे. जे होणारच नाही ते कागदावर लिहायला पैसे पडत नाहीत.

पूर्ण रक्कम आधी देऊ नका. निम्मी रक्कम लेहला पोचल्यावर द्यायची असं ठरवा, आणि शक्य असेल तर तिथल्या माणसाच्या हातात. तिथल्या व्यवस्थेचं नाव आणि फोन आधीच मागा. हॉटेलला स्वतः फोन करून विचारा की आमच्या नावाने खोली आहे का आणि तिचे पैसे आले का. खरा व्यावसायिक याला नाही म्हणत नाही. आमचा म्हणत होता, ‘पार्टी नाराज होते’. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. परत आल्यावर आम्ही त्याच्या पावतीवरचा क्रमांक घातला, नोंदणी कधीच रद्द झालेली होती. आणि एक रात्र, एका दिवसाचं जेवण, तिकिटातला फरक, एवढे पैसे वेगळे ठेवाच. लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात. २०२४च्या जुलैमध्ये तर तापमान वाढल्यामुळे झाली होती, कारण उंचावरची विरळ हवा तापली की विमानाला उड्डाण जड जातं.

परतल्यावर तो भेटला, एकदाच. ‘लेहच्या पार्टीने मलाच फसवलं’ म्हणत त्याने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला. भावजींनी त्यावरचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेतल्या त्या व्यवहाराचा क्रमांक, लिहून घेतला आणि लेहच्या गृहस्थांना पाठवला. त्या क्रमांकाने त्यांच्या खात्यात काहीच जमा नव्हतं. त्यानंतर ऑफिसला कुलूप. आता वेगळ्या नावाने, त्याच रंगाच्या पत्रकांवर, स्पितीच्या सहलीची जाहिरात फिरते आहे. साडेसतरा हजार, सगळं धरून.

आम्ही पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, लेहला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली होती, तिचा क्रमांक तक्रारीला जोडला. एकाच माणसाकडून अनेकांचं सारखंच नुकसान झालं असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. त्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती, आणि लेहच्या गृहस्थांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या आधीही एक गट अडकला होता. तुम्ही त्यातले असाल तर पावती, यूपीआयच्या नोंदी आणि त्याचे संदेश पुसू नका, आणि आम्हाला कळवा. आमची पुढची तारीख पडली आहे.