सुईवाल्या मीटरवर आठ महिने ओहम मोजताना

परभणीत माझं पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डिजिटल मल्टिमीटर हाताशी असतो, तरी नोव्हेंबरपासून रोजच्या कामाला सुईवालाच घेतो, आणि तोही बहुतेक ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) मोजायला.

सुरुवातीला डोकं चढलं. शून्य उजवीकडे, अनंत डावीकडे, आणि डावीकडचे आकडे एकमेकांना चिकटलेले. आता सुई मध्याच्या आसपास येईल तीच रेंज लावतो. रेंज बदलली की दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून सुई शून्यावर आणायची, दरवेळी. ×१ या सगळ्यात लहान रेंजवर ती शून्यापर्यंत पोचेना झाली की आतले पेन्सिल सेल उतरले समजायचं.

पंख्याचं काम यावर फार छान होतं. तीन वायरी, तीन जोड्या. परवा एका पंख्याला १६०, २१० आणि ३७० ओहम आले. पहिल्या दोन्हींची बेरीज तिसरी, म्हणजे वाइंडिंग (आतली तांब्याची गुंडाळी) कुठं तुटलेली नाही; २१० वाली स्टार्टिंगची, पंखा सुरू करणारी. कंडेन्सर आधी डिस्चार्ज करून ×१० हजारवर लावला की सुई झेप घेते आणि हळूहळू परत येते. मेलेला कंडेन्सर सुईला हलवतच नाही. हे बघणं मला आकडे वाचण्यापेक्षा आवडतं.

मे महिन्यात वेगळाच घोळ. १०० किलोओहमचा रेझिस्टर ७० दाखवायला लागला. घामेजलेली बोटं दोन्ही टोकांना लागत होती, अंगातूनही करंट वाहत होता. आता एक टोक क्लिपमध्येच पकडतो.

डिसेंबरातली चूक मात्र अजून खुपते. एका काकांची बोअरची मोटार ट्रिप होत होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. वाइंडिंग आणि बॉडीत ×१० हजारवर सुई हलली नाही, म्हणून मी म्हणालो, “काका, वाइंडिंग बॉडीला लागलेली नाही, सोडा खाली.” माणसं लावून मोटार अडीचशे फुटांवर सोडली आणि चालू करताच पुन्हा ट्रिप. दुसऱ्या दिवशी वर काढून ५०० व्होल्टच्या मेगरनं (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) तपासली, तेव्हा इन्सुलेशन गेलेलं कळलं. मीटर खोटं बोलला नव्हता. त्याच्या आतल्या सेलचे दहा-बारा व्होल्ट, तेवढ्यावर कमजोर इन्सुलेशन कळलं नाही, आणि मोटारीवर येतात ४१५. काकांचे मजुरीचे पैसे मी दिले. मोटार विहिरीची असो वा बोअरची, मेगर लावल्याशिवाय आता खाली सोडू देत नाही.